हजेरीपासून कॅमेऱ्यापर्यंत

माझी आजी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये जन्मली. भोवती काटेरी तारेचं कुंपण, रोजची हजेरी, आणि परगावी जायचं तर पास. तिचा गुन्हा एवढाच, की ती कैकाड्याच्या घरी जन्मली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. १९११ च्या कायद्याने नोंदलेल्या माणसांच्या बोटांचे ठसेही घेता येऊ लागले. माणसाने काही करण्याआधीच त्याची ओळख पोलिसांच्या रजिस्टरात पक्की!

३१ ऑगस्ट १९५२ ला गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. गावात चोरी झाली की पोलिस पहिल्यांदा आमच्याच पालांवर येत राहिले.

म्हणून चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेचं कौतुक कानावर आलं, की मी विचारते, तिच्या पोटात फोटो कुणाचे? कॅमेऱ्यातला चेहरा ती साठ्यातल्या फोटोंशी ताडते. साठ्यात आमची माणसं जास्त, तर चुकीची जुळणीही आमच्याच माथी येणार. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात सांगितलं, की ८० टक्क्यांवर साम्य दिसलं की ते जुळणी धरतात. त्याखालचा चेहराही लगेच सुटत नाही, त्याचा पुढे तपास होऊ शकतो. त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने ठसे, फोटो, बुबुळांच्या नोंदी ७५ वर्षं ठेवायची मुभा दिली. निर्दोष सुटलेल्याची नोंद पुसायची तरतूद त्यात आहे. पण ती खरंच पुसली का, हे वस्तीतल्या पोराने कुठल्या टेबलावर जाऊन विचारायचं?