कार्पल टनेल शस्त्रक्रिया : सुरतेत शल्यचिकित्सक निवडताना

हिऱ्यांना पैलू पाडणे असो वा भरतकामाचे यंत्र चालवणे, सुरतेतील असंख्य कुटुंबांची चूल हातांच्या कौशल्यावर पेटते. उधना, लिंबायत परिसरात खानदेशातून स्थलांतरित झालेल्या मराठी कामगारांची मोठी वस्ती आहे. अशा कामगाराचा हात रात्री बधिर होऊ लागला, तर तो केवळ थकवा समजून अंगावर काढणे महागात पडू शकते.

विकार कोणता?
मनगटातील हाडे आणि त्यांवरील जाड पट्टा यांमधील अरुंद बोगद्यातून बोटे मिटवणाऱ्या नऊ कंडरा व एक मज्जातंतू जातो. या मज्जातंतूवर दाब आला की अंगठा, तर्जनी, मधले बोट व अनामिकेची अंगठ्याकडील बाजू बधिर होते. करंगळी सहसा सुटते. करंगळीही बधिर असेल किंवा कळ मानेतून उतरत असेल, तर अन्य कारण शोधावे लागते.

शस्त्रक्रिया केव्हा?
सौम्य त्रासात रात्री मनगटपट्टी किंवा स्टेरॉइडचे इंजेक्शन उपयोगी पडते. मधुमेह व थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. गरोदरपणातील त्रास बहुधा प्रसूतीनंतर ओसरतो. मात्र बधिरता कायम राहिली, वस्तू हातातून निसटू लागल्या किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा सपाट झाला, तर विलंब करू नये. झिजलेला स्नायू शस्त्रक्रियेनंतरही पूर्ववत होईलच असे नाही.

कोणाकडे जावे?
ही शस्त्रक्रिया अस्थिरोगतज्ज्ञ व प्लास्टिक सर्जन दोघेही करतात. हाताच्या शस्त्रक्रियेचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतलेला तज्ज्ञ मिळाल्यास उत्तम. सुरतेत मजुरा गेट येथील न्यू सिव्हिल हॉस्पिटल किंवा महापालिकेचे स्मीमेर रुग्णालय येथील अस्थिरोग विभागापासून सुरुवात करता येते. डॉक्टरांची वैद्यक परिषदेकडील नोंदणी पडताळून पाहावी.

कोणते प्रश्न विचारावेत?
• निदान नर्व्ह कंडक्शन तपासणीने पक्के करण्याची गरज आहे का?
• अशा किती शस्त्रक्रिया आपण वर्षाला करता?
• छेद घेऊन करणार की दुर्बिणीने, आणि का? दुर्बिणीने केल्यास कामावर थोडे लवकर परतता येते. दीर्घकालीन परिणाम मात्र जवळपास सारखेच असतात.
• भूल केवळ हातापुरती असेल का?
• माझे काम अमुक आहे. त्यावर केव्हा परतता येईल? टाके साधारण दोन आठवड्यांत निघतात, पण जोराची पकड यायला अनेक आठवडे लागू शकतात.
• एकूण खर्च किती? तो लेखी घ्यावा.

आयुष्मान कार्ड परराज्यातील संलग्न रुग्णालयातही चालते. परंतु ही शस्त्रक्रिया त्यात बसते का, याची दाखल होण्यापूर्वीच तेथील मदतकक्षात खात्री करावी.

गोव्यातील रुग्णांनाही बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात वा खासगी रुग्णालयात हेच प्रश्न विचारता येतील. उत्तरे शांतपणे देणारा आणि गरज नसल्यास शस्त्रक्रिया टाळण्यास सांगणारा डॉक्टर विश्वासास पात्र समजावा.