र. धों. कर्वे आणि विल्सन कॉलेज: संततिनियमन पाप का ठरलं होतं?

आजचा भाग एका राजीनाम्याबद्दल आहे. साल १९२५, ठिकाण मुंबई, गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज. तिथल्या एका प्राध्यापकाला कॉलेजने नोकरी सोडायला सांगितलं. प्राध्यापक गणिताचे होते, पण कारणाचा गणिताशी काही संबंध नव्हता. हा माणूस कॉलेजच्या बाहेर लोकांना सांगत होता, की मुलं किती हवीत आणि कधी हवीत हे नवरा-बायकोला ठरवता येतं, त्यासाठी साधनं आहेत, आणि ती वापरण्यात काही पाप नाही.

हे प्राध्यापक म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे थोरले चिरंजीव. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' सिनेमा पाहिला असेल तर नाव ओळखीचं असेल. रघुनाथ नऊ वर्षांचे असताना त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. पुढे ते फ्रान्सला जाऊन गणित शिकून आले आणि १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मारी स्टोप्स यांनी आपला प्रसिद्ध दवाखाना काढला तेही हेच वर्ष. म्हणजे मुंबई या बाबतीत लंडनच्या मागे नव्हती. कर्व्यांची पत्नी मालतीबाई या कामात त्यांच्यासोबत होत्या. दोघांनी मूल न होऊ देण्याचं ठरवलं, आणि शस्त्रक्रिया कर्व्यांनी स्वतःची करून घेतली. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता प्रश्न असा, की एका कॉलेजला याचा एवढा त्रास का व्हावा?

विल्सन कॉलेज हे स्कॉटलंडच्या मिशनचं. १८३२ मध्ये जॉन विल्सन या मिशनऱ्याने सुरू केलेल्या शाळेतून ते वाढलं. धर्माने प्रोटेस्टंट, प्रेस्बिटेरियन पंथाचं. आपल्याला आज वाटतं की गर्भनिरोधनाला विरोध म्हणजे पोप, म्हणजे कॅथलिक. पण १९२५ मध्ये तसं नव्हतं. तेव्हा जवळजवळ सगळेच मोठे ख्रिस्ती पंथ एका बाजूला होते, आणि ती बाजू विरोधाची होती.

त्यांचा युक्तिवाद नीट समजून घेऊ, नुसतं 'जुनाट' म्हणून सोडून देणं बरोबर नाही. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीत, देव माणसाला वंश वाढवायला सांगतो. त्याच पुस्तकाच्या ३८व्या अध्यायात ओनानची गोष्ट आहे. ओनानचा भाऊ मेला. त्या काळच्या रीतीप्रमाणे भावाच्या विधवेला मूल देणं हे त्याचं कर्तव्य होतं. आपल्याकडच्या नियोगासारखंच काहीसं. ओनान तिच्याकडे गेला, पण मूल होऊ नये अशी काळजी घेतली, आणि देवाने त्याला शिक्षा दिली. आता शिक्षा कशाबद्दल? भावाच्या बायकोला फसवल्याबद्दल, की गर्भ टाळल्याबद्दल? आजचे बरेच अभ्यासक पहिलं उत्तर देतात. पण शेकडो वर्षं धर्मपंडित दुसरं उत्तर देत आले. पाचव्या शतकाच्या सुमारास संत ऑगस्टीनने मांडलं की लग्नातल्या शरीरसंबंधाचा हेतू संतती हाच आहे. चर्चशी फारकत घेणारे ल्यूथर आणि कॅल्व्हिनसुद्धा या मुद्द्यावर जुन्याच बाजूला राहिले. १९२० मध्ये अँग्लिकन बिशपांची लॅम्बेथ परिषद भरली, तिनेही कृत्रिम साधनांविरुद्ध कडक इशारा दिला.

म्हणजे विल्सन कॉलेजच्या चालकांनी काही जगावेगळं केलं नव्हतं. ते आपल्या काळातल्या चर्चसारखेच वागले.

याची किंमत त्याआधीही एका ओळखीच्या व्यक्तीने मोजली होती. अॅनी बेझंट. शाळेत आपण त्यांना होमरूल लीगच्या धड्यात भेटतो. त्याच्या कितीतरी आधी, १८७७ मध्ये, लंडनमध्ये त्यांच्यावर आणि चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यावर खटला झाला होता. गुन्हा काय, तर गर्भनिरोधनाची माहिती देणारं पुस्तक छापलं. बेझंटबाईंचा नवरा अँग्लिकन पाद्री होता, दोघं वेगळे राहत होते. पुढच्या वर्षी कोर्टाने मुलीचा ताबा आईकडून काढून घेतला. गर्भनिरोधनाबद्दल बोलणारी आणि देव न मानणारी बाई मुलीला वाढवायला लायक नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

कर्व्यांची नोकरी गेली. त्यांनी काम थांबवलं नाही. जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि ते आयुष्यभर चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला वकील म्हणून कोण उभे राहिले माहितीये? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला, मासिक चालूच राहिलं. पुढे १९३८ मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाच्या बाजूने ठराव आणला. तो फेटाळला गेला.

आता गंमत बघा. राजीनाम्यानंतर पाचच वर्षांनी चर्चचीच भिंत फुटली.

१९३० च्या उन्हाळ्यात लॅम्बेथ परिषद पुन्हा भरली. या वेळी बिशपांनी १५ क्रमांकाचा ठराव १९३ विरुद्ध ६७ मतांनी मंजूर केला. ठराव काय म्हणतो? जिथे मुलं मर्यादित ठेवणं हे नैतिक कर्तव्यच आहे, आणि पूर्ण संयम पाळणं योग्य नाही असं ठोस कारण आहे, तिथे दुसरे मार्ग वापरता येतील. फक्त स्वार्थासाठी, चैनीसाठी किंवा सोयीसाठी वापर नको. दार थोडंसंच उघडलं होतं, पण उघडलं होतं. मग हळूहळू बहुतेक प्रोटेस्टंट चर्चेस त्याच वाटेने गेली.

आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १९३० ला, रोममधून पोप अकरावे पायस यांचं पत्रक निघालं. त्यांनी सांगितलं, नाही म्हणजे नाही. एकच बायबल, एकच वर्ष, दोन उलटी उत्तरं.

पण हा वाद फक्त ख्रिस्ती लोकांचा होता असं समजू नका. आता आपल्या विदर्भात येऊ. मी गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडचा. गोंदियाहून नागपूरमार्गे गाडीने वर्धा काही फार लांब नाही. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटायला आल्या. गांधीजी तेव्हा मगनवाडीत राहत होते. सँगर यांची अपेक्षा होती की हा माणूस आपल्या बाजूने बोलला तर भारतातल्या लाखो बायकांपर्यंत निरोप जाईल. गांधीजी म्हणाले, मुलं कमी हवीत हे मान्य, पण मार्ग एकच, संयम. साधनं वापरली की माणूस वासनेचा गुलाम होतो, अशी त्यांची भूमिका. महिन्यातले 'सुरक्षित दिवस' पाळण्याची पद्धत त्यांना साधनांइतकी खटकली नाही, कारण तिच्यात निदान काही दिवस तरी संयम आहे.

हे ऐकताना काही आठवतंय का? कॅथलिक चर्चची आजची भूमिका जवळजवळ हीच आहे. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी गंभीर कारण असेल तर सुरक्षित दिवसांची पद्धत चालेल असं स्पष्ट केलं. आमच्या आयटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर आउटपुट सेम, मग प्रोसेसवरून एवढा वाद कशाला? चर्चचं म्हणणं, प्रोसेसच महत्त्वाची. निसर्गाने दिलेले दिवस निवडणं वेगळं आणि संबंधातून संततीची शक्यता मुद्दाम काढून टाकणं वेगळं. पटो न पटो, पण हा विचार आहे, नुसता हट्ट नाही.

पुढची तारीख पुन्हा मुंबईची. डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल युकॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईत आले. भारताचा कुटुंबनियोजन कार्यक्रम तेव्हा बारा वर्षांचा झाला होता. कर्वे तो सुरू झालेला बघून १९५३ मध्ये गेले होते. रोममध्ये पोपनी नेमलेलं मंडळ याच प्रश्नाचा अभ्यास करत होतं. १९६६ मध्ये मंडळातल्या बहुमताने बदलाची शिफारस केली. पोपनी ती मानली नाही. जुलै १९६८ च्या 'ह्युमाने व्हिते' या पत्रकात जुनीच शिकवण कायम राहिली. वसईतल्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक जोडप्यासाठी अधिकृत उत्तर आजही तेच आहे.

त्या पत्रकातला एक इशारा मात्र आपण महाराष्ट्राने गांभीर्याने वाचायला हवा होता. पोपनी विचारलं होतं, की ही साधनं एकदा सरकारच्या हातात गेली, तर सरकार ती लोकांवर लादणार नाही कशावरून? आठ वर्षांनी आणीबाणी होती. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं. असं विधेयक मंजूर करणारं हे देशातलं पहिलं राज्य. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. पण ज्या राज्यात कर्व्यांनी 'निर्णय जोडप्याचा' म्हणून नोकरी गमावली, त्याच राज्याने पन्नास वर्षांनी 'निर्णय सरकारचा' म्हणून हात वर केले. यात कर्व्यांचा विजय कुठेच नव्हता.

मग श्रद्धा आणि संततिनियमन यांचं जमतच नाही का? जमतं, आणि उदाहरणही आपल्याकडचंच आहे. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर जोडपं नगर जिल्ह्यातल्या जामखेडला आलं. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले. सेवेची प्रेरणा श्रद्धेतूनच आली, हे त्यांनी कधी लपवलं नाही. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, कित्येक दलित घरांतल्या होत्या. बाळंतपण, लसीकरण, पोषण आणि कुटुंबनियोजन, सगळं एकत्र. त्यामागचा हिशेब सोपा होता. झालेली मुलं जगतील याची खात्री नसेल तर कुठली आई थांबायला तयार होईल? आधी मुलं जगवा, आईशी बोला, मग ती स्वतः विचारते. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सरकारची आशा योजना यायला तेव्हा अजून २६ वर्षं होती.

विल्सन कॉलेज ख्रिस्ती होतं, जामखेडही ख्रिस्ती. मग फरक कुठे पडला? मला वाटतं, प्रश्न कोणाला विचारला यात. १९२५ चं कॉलेज, १९३० चे दोन्हीकडचे बिशप, वर्ध्याचे गांधीजी, १९७६ चे आमदार, या सगळ्यांनी नैतिकतेची चर्चा केली. पण जिचं बाळंतपण आहे तिला विचारून उत्तर ठरवलं, असं यांच्यापैकी कोणाच्याच बाबतीत म्हणता येत नाही. जामखेडमध्ये सुरुवातच तिच्यापासून झाली. साधन वापरावं की न वापरावं, सुरक्षित दिवस पाळावेत की गोळी घ्यावी, यावर श्रद्धाळू माणसाचं उत्तर वेगळं असू शकतं, आणि तो त्याचा हक्क आहे. पण ते उत्तर तिने न विचारता तिच्या अंगावर लादलं, तर ते पोपचं असो, सरकारचं असो की सासूचं, नैतिक म्हणता येणार नाही.

आता ती लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. आमच्या गावाकडे 'ऑपरेशन झालं' म्हटलं की कोणाचं, हे विचारावं लागत नाही. बाईचंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांनुसार देशात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे, आणि पुरुष नसबंदीचं प्रमाण ०.३ टक्के. पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी धोक्याची असूनही. आपल्या पिढीला पापाची भीती फारशी राहिली नाही, ओझं मात्र अजून तिच्याच अंगावर आहे. कर्व्यांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतः टेबलावर झोपून जे उत्तर दिलं, ते आज किती जण द्यायला तयार आहेत? लग्न ठरलेलं असेल किंवा नुकतंच झालं असेल, तर या विषयावर बायकोशी एकदा नीट बोला. सासरी-माहेरी चर्चा सुरू होण्याआधी बोला.

आजच्यापुरतं एवढंच. भाग आवडला तर मित्रांना पाठवा, आणि मतभेद असेल तर तोही कळवा. भेटू पुढच्या भागात.