ॲस्टर, गुळगुळीत निळा

सूर्यफूल कुळातील उत्तर अमेरिकेची ही बहुवर्षायू रानटी वनस्पती. शास्त्रीय नाव सिंफिओट्रायकम लेव्ही. कॅनडाच्या दक्षिण भागापासून जॉर्जियापर्यंत आणि पश्चिमेला रॉकी पर्वतापर्यंत ती आढळते. कोरडी गवताळ राने, विरळ झाडी, रेल्वेमार्गाच्या कडा आणि रस्त्यालगतचे उतार तिला मानवतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर, म्हणजे आपल्याकडच्या गणपती-दिवाळीच्या दरम्यान, ती फुलते. महाराष्ट्रातल्या फुलबाजारात जुड्या बांधून विकला जातो तो ॲस्टर वेगळा. तो चीनमधून आलेला कॅलिस्टेफस असून वर्षायू आहे. नाव एक, कूळ एक, पण प्रजाती निराळी.

आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरे तर फुलांचा गुच्छ, म्हणजे स्तबक असतो. त्याचा व्यास सुमारे अडीच सेंमी. कडेला पाकळ्यांसारखी दिसणारी किरण-पुष्पके बहुधा १५ ते २५ असतात आणि मध्ये पिवळी बिंब-पुष्पके. परागण होऊन गेले की मधला पिवळा भाग तांबूस-जांभळा पडतो. त्यामुळे एकाच झाडावर पिवळ्या आणि तांबड्या मध्याची फुले शेजारी शेजारी दिसतात आणि नवख्याला त्या दोन जाती वाटतात. झाड ३० सेंमी ते १ मीटर उंच वाढते. जमिनीखाली आखूड मूलक्षोड असते.

ओळख पटवताना पहिली फसगत रंगामुळे होते. ‘निळा’ म्हणायचे, पण प्रत्यक्षात छटा फिकट जांभळीपासून गडद निळीपर्यंत कुठलीही असते. उन्हात आणि सावलीत तेच फूल वेगळे दिसते. मोबाइलचा कॅमेरा आपल्या मनाचा रंग भरतो, तर दाबून वाळवलेल्या नमुन्यात रंग उरतोच असे नाही. म्हणून फुलाचा समोरून काढलेला सुरेख फोटो ओळखीच्या कामी जवळजवळ निरुपयोगी ठरतो. फूल उलटे करून त्याची पाठ पाहावी, आणि त्याहीआधी पानाला हात लावावा.

पान हीच या जातीची खरी खूण. ते दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, किंचित जाडसर आणि निळसर-हिरवे असते. त्यावर द्राक्षाच्या सालीवर असतो तसा पांढुरका मेणचट थर असतो. खोडाच्या मधल्या भागातली पाने बिनदेठाची असून त्यांचे बूड खोडाला दोन्ही बाजूंनी कवेत घेते. बुडाजवळच्या पानांना मात्र पंखासारख्या कडा असलेला देठ असतो, तेव्हा केवळ खालची पाने पाहून निर्णय करू नये. खोडही तुळतुळीत असते. वरच्या फांद्यांवर क्वचित बारीक लवेच्या रेषा दिसतात. फुलाच्या पाठीमागची छदे, म्हणजे पानांसारखे बारीक खवले, कौलांसारखी एकावर एक रचलेली असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला शंकरपाळीच्या आकाराचा हिरवा डाग असतो. हे पाहायला साधे भिंग पुरते.

घोटाळा होतो तो मुख्यतः तिच्या भावंडांशी. न्यू इंग्लंड ॲस्टरची पानेही खोडाला वेढतात, पण त्याचे खोड केसाळ आणि छदे चिकट असतात. किरण-पुष्पके ४० ते ७५, कधी त्याहूनही जास्त, आणि रंग बराच गडद जांभळा. हृदयाकृती पानांचा निळा रानॲस्टर झाडांच्या सावलीत वाढतो. त्याची पाने देठाची आणि दातेरी, तर फुले लहान असतात. आकाशी ॲस्टर रंगाने आणि जागेनेही सर्वांत जवळचा. मात्र त्याची खालची पाने लांब देठाची, वरची खोडाला न वेढणारी आणि स्पर्शाला खरखरीत असतात. पारिजातकाचे पान ज्याने चोळून पाहिले आहे त्याला ही खरखर समजावून सांगावी लागत नाही. या आकाशी ॲस्टरच्या नावाचा किस्सा गमतीचा आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन रिडेल यांनी १८३५ मध्ये ओहायोतील ओलेंटँजी नदीवरून त्याचे शास्त्रीय नामकरण केले. त्यात एक ‘ओ’ जास्तीचा पडला आणि नामकरणाच्या नियमांमुळे तो आजही तसाच आहे.

गफलत दूरच्या नात्यातल्या फुलांशीही होते. फिल्टर कॉफीच्या पुडीवर जिचे नाव टक्केवारीसह छापलेले असते ती चिकोरीही याच रस्त्यांच्या कडेला निळी फुलते. ती युरोपातून आलेली आहे. तिच्या फुलात पिवळा मध्य नसतो, पाकळ्यांची टोके दातेरी असतात आणि खोड मोडले की दुधी चीक निघतो. फ्लीबेन म्हणजे एरिजेरॉनच्या जाती बहुतेक वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुलतात. त्यांची छदे कौलांसारखी नसून साधारण एकाच उंचीची असतात.

लिनीअस यांनी १७५३ मध्ये या जातीला ॲस्टर लेव्हिस असे नाव दिले. ॲस्टर म्हणजे ग्रीक भाषेत तारा, लेव्हिस म्हणजे लॅटिनमध्ये गुळगुळीत. आज्ञापत्रासारखे नेमके नाव. पण या गटाने अनेकांना जेरीस आणले. एकोणिसाव्या शतकातले अमेरिकेचे नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनीही जातींच्या सीमा ठरवताना हात टेकल्याचे पत्रांतून कबूल केले आहे. १९८२ मध्ये लव्ह या वनस्पतिशास्त्रज्ञ दांपत्याने ही जात सिंफिओट्रायकममध्ये हलवली. १९९४ मध्ये गाय नेसम यांनी अमेरिकी ॲस्टरांची एकंदर फेरमांडणी केली, तेव्हापासून तिथल्या बहुतेक ॲस्टरांना शास्त्रीय अर्थाने ‘ॲस्टर’ म्हणता येत नाही. लोक अर्थातच म्हणतात.

इतर फुले ओसरल्यावर ही फुलत असल्याने मधमाश्या आणि बंबल माश्या तिच्यावर गर्दी करतात. पर्ल क्रेसेंट फुलपाखराच्या अळ्या ॲस्टरांच्या पानांवर जगतात, त्यांत हिचाही समावेश आहे. बागेत लावल्यास तिच्यावर भुरी फारशी पडत नाही. डेलावेर राज्यातील माउंट क्युबा सेंटरमधून आलेला ‘ब्लूबर्ड’ हा वाण लोकप्रिय आहे. जवळच्या जातींशी तिचा संकर होतो. शिवाय वस्तीलगत सापडलेले झाड बागेतून निसटलेलेही असू शकते. त्यामुळे नोंद करताना झाड कुठे, कशाच्या शेजारी होते आणि पाने वेढणारी होती की देठाची, हे फुलाच्या रंगाआधी लिहावे.