ग्रीक विद्येची परीक्षा : चौथ्या शतकातील एक वाद

आपल्या सेमिनऱ्यांत नव्या कराराच्या अभ्यासाबरोबर ग्रीक संस्कृतीचा परिचय ओघानेच येतो. एपिकूरपंथी व स्तोयिकपंथी यांच्या मतांतील भेद विचारला जातो. विद्यार्थी तो पाठ करून लिहितो व त्याला गुण मिळतात. परंतु ती संस्कृती त्याला कितपत कळली, हे कशावरून ठरवावे? हा प्रश्न नवा नाही. चौथ्या शतकात मंडळीला त्याला तोंड द्यावे लागले होते.

इ.स. ३५५ मध्ये अथेनै नगरात तीन तरुण विद्यार्जन करीत होते : बासील, नाझियांझसचा ग्रेगरी आणि पुढे सम्राट झालेला जुलियन. तिघांचेही बालपण ख्रिस्ती संस्कारांत गेले होते. होमरचे काव्य, प्लेटोचे संवाद व वक्तृत्वशास्त्र ही त्यांची समाईक विद्या होती. केवळ माहितीची परीक्षा घेतली असती, तर तिघेही उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले असते. तरीही जुलियनने ख्रिस्ती विश्वासाचा त्याग केला, आणि इतर दोघे मंडळीचे आचार्य झाले.

इ.स. ३६२ मध्ये जुलियनने कायदा केला की, शिक्षक प्रथम शीलाने व नंतर वक्तृत्वाने श्रेष्ठ असावा. त्याचा खरा रोख त्याच्या एका पत्रावरून स्पष्ट होतो. जो होमर व हेसियड यांचे देव मानीत नाही, त्याने त्यांचे ग्रंथ शिकवणे हा अप्रामाणिकपणा होय. अशांनी मंडळ्यांत जाऊन मत्तय व लूक यांचे विवरण करावे, असे त्याचे म्हणणे होते. ख्रिस्ती विद्यार्थ्यांना मात्र त्याने शाळेची दारे बंद केली नाहीत. अथेनैत प्रोहैरेसियस व रोममध्ये मारियुस विक्तोरिनुस यांनी अध्यापन सोडले. ख्रिस्ती नसलेला इतिहासकार अम्मियानुस यानेही हा निर्बंध कठोर ठरवला.

यावर लावदिकियाचे अपोलिनारिस पितापुत्र यांनी एक उपाय योजला. इतिहासकार सॉक्रेटिस सांगतो की, पित्याने मोशेचे ग्रंथ वीरकाव्याच्या वृत्तांत रचले, तर पुत्राने शुभवर्तमाने प्लेटोच्या धर्तीवर संवादरूपाने मांडली. जुलियन ३६३ मध्ये मरण पावला व ३६४ च्या आरंभी निर्बंध उठला. तेव्हा हे श्रम निरुपयोगी झाले. ग्रीक विद्येचे केवळ बाह्यरूप उचलून तिचे स्थान भरून निघाले नाही.

ग्रेगरीने जुलियनला उत्तर दिले की, ग्रीक भाषा ही देवपूजकांची खाजगी मालमत्ता नव्हे. बासीलने तरुणांसाठी लिहिलेल्या प्रबंधात त्याहून उपयुक्त कसोटी दिली. मधमाशी सर्व फुलांवर बसत नाही, आणि ज्यांवर बसते त्यांतूनही सर्वच काही नेत नाही. तसे विद्यार्थ्याने सद्गुणास पोषक ते घ्यावे व उरलेले सोडावे. म्हणजे विद्येचे माप साठवणीत नसून निवडीत आहे.

अशी निवड तपासण्याचे साधन त्या काळच्या शाळांतच होते. आफ्थोनिअसच्या पुस्तकात १४ लेखनाभ्यास आहेत. त्यांत एकाच कथेचे प्रथम खंडन व नंतर मंडन करावयाचे असते. दाफ्नेच्या कथेवर त्याने दोन्ही करून दाखविले आहे. पाठांतराच्या बळावर हे साधत नाही; कथा आतून समजलेली असावी लागते.

अरीयपगावर पौलाने हेच केले. त्याने अरातस कवीची ओळ उद्धृत केली, ती श्रोत्यांच्या आदरणीय काव्यातून स्वीकारली, आणि त्याच भाषणात मूर्तिपूजेचा निषेध केला. काय घ्यावे व काय नाकारावे, हे दोन्ही त्याला ठाऊक होते.

तेव्हा आपल्या प्रश्नपत्रिकेत पंथांची नावे अवश्य असावीत, पण तेथे थांबू नये. पौलाच्या भाषणातील एखादे विधान देऊन विचारावे : हे ऐकून स्तोयिक कोठे मान डोलवील, कोठे उठून जाईल, आणि का? जो विद्यार्थी याचे समर्पक उत्तर देईल, तो पुढे आपल्या गावात अन्यधर्मीय शेजाऱ्याशी बोलतानाही तितक्याच आदराने ऐकेल व तितक्याच स्पष्टपणे साक्ष देईल. ज्याला केवळ नावे पाठ आहेत, त्याच्याविषयी अशी खात्री देता येणार नाही.