स्टिल ट्राइंग

चार वर्षांपूर्वी, पहिल्याच नोकरीत, मी एक शब्द बदलला. लिनक्सच्या एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये, दुसऱ्या मशीनवरची डिस्क आपल्या मशीनला जोडणारी, म्हणजे माउंट करणारी, एक ओळ होती. तिच्यातलं ‘हार्ड’ खोडून मी ‘सॉफ्ट’ लिहिलं. कारण साधं होतं. स्टोरेज सर्व्हर रात्री अधूनमधून गायब व्हायचा आणि आमचं मशीन ढिम्म बसायचं. साधं ‘एलएस’ केलं तरी टर्मिनल गोठायचं, कंट्रोल-सी दाबून बोटं दुखायची. लॉगमध्ये एकच पालुपद: ‘सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग’.

सॉफ्ट केल्यावर सगळं सुरळीत झालं. दीड महिन्याने एका ग्राहकाची स्कॅन केलेली जुनी कागदपत्रं उघडली, तर काही फाइल्स अर्ध्याच. मूळ कागद तोवर परत गेले होते. बरेचसे पुन्हा मिळाले. एकोणीस मिळाले नाहीत.

त्यानंतर मी जे आधीच वाचायला हवं होतं ते वाचलं: १९८५च्या उन्हाळ्यात युझनिक्स परिषदेत सादर झालेला, सन मायक्रोसिस्टम्सच्या रसेल सँडबर्ग आणि चार सहकाऱ्यांचा एनएफएसवरचा निबंध. तेव्हा डिस्क महाग होत्या. सनची काही वर्कस्टेशन्स तर डिस्कशिवायच विकली जात, सगळ्या फाइल्स नेटवर्कवरून यायच्या. मग सर्व्हर बंद पडला तर काय, हा प्रश्न रोजचाच.

त्यांचं उत्तर मला अजूनही धाडसी वाटतं: सर्व्हरने काहीच लक्षात ठेवायचं नाही. कोणी कोणती फाइल उघडलीय, कुठपर्यंत वाचलीय, याची नोंदच नाही. सरकारी दवाखान्यात केसपेपर आपल्या हातात असतो, डॉक्टर बदलला तरी तो दाखवला की काम पुढे चालतं, तसं. प्रत्येक विनंतीत सगळं आलं पाहिजे: ही फाइल, ८१९२व्या बाइटपासून, इतकं वाच. अशी विनंती दहा वेळा पाठवली तरी बिघडत नाही. सर्व्हर कोसळून पुन्हा उभा राहिला तर त्याला आठवायचं काहीच नसतं. क्लायंटने फक्त विचारत राहायचं.

म्हणजे ‘स्टिल ट्राइंग’ हा बिघाड नव्हताच. विसराळू सर्व्हरचा तो दुसरा अर्धा भाग होता, आणि तोच मी काढून टाकला होता. सॉफ्ट माउंट काही वेळा विचारून हात वर करतं आणि प्रोग्रॅमला एरर देतं. बहुतेक युनिक्स प्रोग्रॅम अशा एरर नीट तपासत नाहीत, हा धोका त्या निबंधातच सांगितलाय. आमची कॉपी करणारी स्क्रिप्टही तपासत नव्हती. ती मीच लिहिली होती.

एटी अँड टीची आरएफएस याच्या उलट वाटेने गेली. तिचा सर्व्हर उघडलेल्या फाइल्सचा हिशेब ठेवायचा, युनिक्सची वागणूक जवळपास तंतोतंत जपायचा. एनएफएसला ते जमलं नाही, तरी पसरली एनएफएसच. सनने प्रोटोकॉल खुला केला होता, मार्च १९८९मध्ये तो आरएफसी १०९४ म्हणून छापलाही गेला.

विसराळूपणाची किंमत मात्र होती. फाइल पुसली, पण उत्तर वाटेत हरवलं, तर क्लायंट पुन्हा विचारणार आणि सर्व्हर म्हणणार, अशी फाइलच नाही! म्हणून सर्व्हर अलीकडच्या विनंत्या थोड्या लक्षात ठेवू लागले. फाइलला कुलूप लावायचं तर कोणी लावलं हे आठवायलाच हवं. ते काम शेजारच्या वेगळ्या सेवेकडे दिलं. शिवाय दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक लेखन डिस्कवर पोचल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, असा नियम होता. त्याने लिहिणं रटाळ व्हायचं. तिसऱ्या आवृत्तीने, १९९५मध्ये, तो सैल केला. आणि २०००च्या चौथ्या आवृत्तीत सर्व्हरने शेवटी वही घातलीच: उघडलेल्या फाइल्स, कुलपं, सगळं त्यात.

मी ‘हार्ड’ परत लिहिलं, स्क्रिप्टही दुरुस्त केली. परवा रात्री पुन्हा ते पालुपद सुरू झालं. अकरा मिनिटं मी कशालाही हात न लावता लॉग बघत बसलो. मग ओळ आली: ‘सर्व्हर ओके’.