पुष्करची जत्रा : तीर्थ आणि बाजार

अजमेरच्या वायव्येस सुमारें सात मैलांवर, नागपहाडाच्या पलीकडे, पुष्कर सरोवर आहे. येथून पुढें मारवाडची वाळू सुरू होते. जेथें पाण्याचें मोल दुधाहून अधिक, त्या प्रदेशाच्या उंबरठ्यावर हें सरोवर आहे, आणि त्याच्या कांठीं कार्तिक शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत स्नानाचें पर्व भरतें. त्याच्या जोडीनें वाळूच्या टेकड्यांवर उंट, घोडे व बैल यांचा बाजार असतो. एकीकडे पुण्य व दुसरीकडे सौदा हा योग परक्यास विसंगत वाटतो. परंतु या दोहोंचें मूळ एकच आहे.

कार्तिकांत पावसाळा संपून खरिपाचें पीक हातीं आलेलें असतें. बाजरी घरांत आल्यामुळें शेतकऱ्याजवळ थोडा पैसा असतो. नव्या गवतावर चरून जनावरें धष्टपुष्ट झालेलीं असतात. आणि पुढील कोरडे महिने सुरू होण्यापूर्वीं कोणतीं जनावरें ठेवावयाचीं व कोणतीं विकावयाचीं हें धनगरास ठरवावें लागतें. एवढ्या जनावरांस पाणी पुरविणारी जागा वाळवंटाच्या कडेला दुर्मिळच. धर्मानें जो मुहूर्त पुण्याचा ठरविला, तोच व्यवहारासही सोयीचा होता.

क्षेत्राची कथाही हेंच सुचविते. ब्रह्मदेवाच्या हातांतील कमळ पडलें तेथें सरोवर झालें व त्यानें तेथें यज्ञ मांडला. सावित्री वेळेवर न आल्यानें एका गवळ्याची कन्या गायत्री ही पत्नी म्हणून यज्ञास बसविण्यांत आली. संतप्त सावित्रीच्या शापामुळें ब्रह्मदेवाचीं देवळें विरळा झालीं असें सांगतात. सावित्रीचें देऊळ आजही डोंगरावर वेगळें आहे. गुरें राखणाऱ्याच्या मुलीस यज्ञांत मान देणाऱ्या क्षेत्रीं गुरांचा बाजार उपरा कसा ठरावा?

या कांठाशीं महाराष्ट्राचाही संबंध आहे. मारवाडच्या विजयसिंहाविरुद्ध नागोरला वेढा घालून बसलेले जयाप्पा शिंदे १७५५ सालीं दग्यानें मारले गेले, आणि त्यानंतर अजमेर मराठ्यांकडे आलें. मधला थोडा काळ वगळतां तें १८१८ पर्यंत शिंद्यांकडे राहिलें. १८१९ सालीं कर्नल टॉड येथें आला, तेव्हां त्यानें अहल्याबाई होळकरांची वास्तु पाहिली, आणि विजयसिंहाची इमारत व जयाप्पांची छत्री हीं दोन्ही याच सरोवराकांठीं असल्याचें नमूद केलें. रणांतील वैर या पाण्यापाशीं येऊन थांबलें. ब्रह्मदेवाच्या देवळाचा जीर्णोद्धारही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शिंद्यांच्या पदरच्या गोकुळ पारख यानेंच केला.

राज्यें बदललीं तरी बाजार टिकला, तो रबारी किंवा राईका जातीच्या उंटपाळांमुळें. उंट सांभाळण्यासाठीं शंकरानें आपणांस निर्माण केलें अशी त्यांची श्रद्धा आहे. सांडणी कळपांतच ठेवावी, नर तेवढा गाडीसाठीं व नांगरासाठीं विकावा, आणि कसायाच्या हातीं जनावर देऊं नये, असा त्यांचा जुना दंडक. म्हणून पुष्करचा सौदा हा केवळ पैशाचा व्यवहार नव्हता. आपलें जनावर कोणाच्या दावणीला जातें, हेंही तेथें पाहिलें जाई.

हा दंडक आज संकटांत आहे. ट्रॅक्टर व मोटारी आल्यानें कष्टाळू उंटाचें गिऱ्हाईक गेलें. चराऊ रानें आटलीं. २०१२ च्या पशुगणनेंत भारतांत सुमारें ४ लक्ष उंट होते, ते २०१९ मध्यें सुमारें अडीच लक्ष उरले. राजस्थाननें २०१४ सालीं उंटास राज्यपशु ठरविलें, आणि २०१५ च्या कायद्यानें त्याची कत्तल बंद करून परप्रांतीं नेण्यावर निर्बंध घातले. हेतु रक्षणाचा होता. परंतु बाहेरचा खरेदीदार दुरावून भाव पडले, असें उंटपाळांचें गाऱ्हाणें आहे. सरोवरानेंही इशारा दिला: २००९ सालीं तें कोरडें पडलें व यात्रेकरूंस लहान हौदांतून स्नान करावें लागलें.

आजही पौर्णिमेस घाट भरून जातात, दूरदेशींचे प्रवासी छायाचित्रें घेतात, घोड्यांचा सौदा तेजींत असतो. उंटांचे तांडे मात्र विरळ झाले आहेत. तीर्थ आणि बाजार यांस पाणी व चारा यांनीं एकत्र आणलें. तीं दोन सांभाळलीं तरच उद्यांच्या कार्तिकांत या वाळूवर उंटांच्या घंटा ऐकूं येतील.