मेहकरची शीळ

गीतातील भाव शब्दांच्या अर्थात असतो की त्यांच्या नादात, हा वाद जुना आहे. त्याचा निवाडा करावयास आपणांस बुलढाणा जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. सेंदुरजन येथे १९०९ साली जन्मलेले आणि मेहकरास वकिली केलेले कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता घ्यावी.

या कवितेतील स्त्री प्रियकरास बोल लावते. त्याला वेळकाळ कळत नाही, ही तिची तक्रार. नुसता अर्थ सांगितला, तर हे एक गाऱ्हाणे ठरेल. परंतु कानास गाऱ्हाणे ऐकू येत नाही, ओढ ऐकू येते. असे का व्हावे?

'शीळ' हा शब्दच उच्चारून पाहावा. 'श'मध्ये श्वास सुटतो, दीर्घ 'ई'वर तो लांबतो आणि 'ळ'पाशी जीभ मागे वळते. रानात दूर जाऊन विरणाऱ्या शिळेची गतीही अशीच. हा 'ळ' कवीने यमकांतून पुन्हा पुन्हा आणला आहे. त्यामुळे बोलणे पुढे गेले तरी कान वळून त्या शिळेकडेच येतो. रागावलेल्या त्या मनाचेही तसेच चालले आहे.

जात्यावरच्या ओवीस वेग देतो तो दगडाचा फेरा. नाट्यपदास तो गवयाच्या तानेने मिळे, आणि तानेच्या ओघात शब्द पुष्कळदा वाहून जात. १९२३ साली पुण्यास स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाने शब्दास पुन्हा पुढे आणले. पुढे १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जी. एन. जोशी यांची 'शीळ' ध्वनिमुद्रिकेवर आली. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस अवकाश सुमारे तीन मिनिटांचा. तेवढ्यात ताना लांबवावयास सवड कोठली? ही अडचणच गीताच्या पथ्यावर पडली. चाल शब्दाच्या मागून चालली, आणि मराठी भावगीताचा आरंभ अनेकजण या मुद्रिकेपासून मानू लागले.

'शीळ' हा काव्यसंग्रह निघाला १९५४ साली. म्हणजे पुस्तक हाती येण्यापूर्वी वीसएक वर्षे ही कविता महाराष्ट्राच्या कानांत होती. गाणे झाले की कविता उणी होते, असे म्हणणारांस आम्ही एवढेच विचारू, की नाद मूळ शब्दांत नसता तर गायकाने तो आणला कोठून?

कवीच्या 'खूणगाठी'स १९८६ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्या सन्मानाचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. परंतु आपल्या मुलांना 'शीळ' शिकविताना तिचा अर्थ लिहवून थांबू नये. ती त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्यावी. नाहीतर शीळ कागदावर राहील आणि रान मुके होईल.